गोविंदाची घार, माल्कमचे सातभाई

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रोज डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारीचे पूर्ण शास्त्रीय नाव आहे 'मिल्व्हस मायग्रन्स गोविंदा'. भीमाशंकरच्या रानातल्या काळ्या बुलबुलाला शास्त्रात 'हिप्सिपेटेस गनीसा' म्हणतात. हा गनीसा म्हणजे आपला गणेश. सह्याद्रीतल्या वनघुबडाच्या नावात इंद्राणी आहे, हिवाळ्यात पाहुणा येणाऱ्या एका चिमुकल्या पक्ष्याच्या नावात राम आहे आणि माळावरच्या एका चंडोलाच्या नावात चक्क 'देवा' आहे. शास्त्रीय नाव म्हणजे पक्ष्याचे लॅटिनमधले रुक्ष वर्णन, अशी आपली साधारण समजूत असते. ती इथे टिकत नाही. घारीत गोविंदाचे किंवा बुलबुलात गणपतीचे काय आहे, हे शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. अशा नावांचा उलगडा पक्ष्याच्या पिसांत होत नाही. तो नाव देणाऱ्याच्या काळात, कामात आणि ओळखीपाळखीत होतो. म्हणूनच ही नावे म्हणजे इतिहासाची कागदपत्रे आहेत आणि ती पुसण्यापेक्षा नीट वाचणे अधिक फायद्याचे आहे.

वरची पाचही नावे एकाच माणसाने, एकाच वर्षी छापली. विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८२४ मध्ये मुंबई सरकारने साइक्स यांना दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीवर नेमले. लोकसंख्या, पिके, जमिनीचे हक्क, हवामान अशा नोंदी करत ते या मुलखात हिंडले. १८२८ मध्ये ते नाणेघाटात पोचले आणि तिथल्या लेण्यातले सातवाहनकालीन शिलालेख त्यांच्या नजरेस पडले. जुन्नर परिसरातल्या लेण्यांमधल्या लेखांवरचा त्यांचा मजकूर १८३७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. तो सर जॉन माल्कम यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात होता. त्याआधी, १८३२ मध्ये, लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली होती. लेण्यांतली अक्षरे आणि झुडपातली पाखरे एकच माणूस, एकाच नोकरीत टिपत होता, हे लक्षात घेतले की यादीतली पुढची नावे आपोआप उलगडतात.

माळावर कलकलाट करणाऱ्या मोठ्या करड्या सातभाईचे नाव 'आर्ग्या माल्कोल्मी'. हे माल्कम म्हणजे १८२७ ते १८३० या काळातले मुंबईचे गव्हर्नर, जुन्नरच्या लेण्यांवरचे पत्र ज्यांना लिहिले तेच. भीमाशंकरच्या शेकरूचे नाव साइक्स यांनी १८३१ मध्ये आधीचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्यावरून ठेवले. पाणवठ्यावरच्या ढोकरीच्या 'आर्डिओला ग्रेयी' या नावात ब्रिटिश म्युझियमचे जॉन ग्रे आहेत, तर घाटातल्या लालभडक गळ्याच्या शिंजिराच्या नावात झूलॉजिकल सोसायटीचे सचिव व्हिगर्स. नावाच्या शेवटी 'ई' आला की बहुधा तो लॅटिनमधला षष्ठीचा प्रत्यय असतो, म्हणजे 'माल्कमचा', 'ग्रेचा'. 'एन्सिस' आले की स्थळ समजावे: 'माहराटेन्सिस' मराठ्यांच्या मुलखाचा, 'दुखुनेन्सिस' दख्खनचा. देव, प्रदेश आणि साहेब या तीन रकान्यांत यादी मांडली, तर पुण्याच्या छावणीपासून गव्हर्नरच्या कचेरीमार्गे लंडनच्या संग्रहालयापर्यंत जाणारी वाट स्पष्ट दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की अशी नावे दिशाभूल करतात. 'दुखुनेन्सिस' हे नाव मिरवणारा पांढरा धोबी हिवाळा संपला की उत्तरेला जातो आणि पार सायबेरियाच्या बाजूला अंडी घालतो. त्याच नावाचा चंडोल तिबेट-मंगोलियाकडचा. 'माहराटेन्सिस' नावाच्या रातव्याचे खरे घर सिंध-बलुचिस्तानकडच्या रखरखीत पट्ट्यात आहे. आक्षेप खरा आहे, पण नावाकडून त्याची अपेक्षा चुकीची आहे. नमुना जिथे हाती लागला ती जागा नावात उतरली; पक्ष्याची वीण कुठे होते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १७५८ हे आरंभवर्ष मानते, साधारणपणे सर्वांत आधी छापलेले नाव ग्राह्य धरते आणि केवळ अर्थ जुळत नाही म्हणून नाव रद्द करू देत नाही. लिनिअसने नंदनपक्ष्याच्या एका जातीला 'आपोडा', म्हणजे बिनपायाचा, म्हटले. कारण युरोपात पोचणारी त्याची कातडी पाय कापलेली असत. पाय सापडले, नाव राहिले. प्रत्येक चूक सुधारत बसलो, तर जुन्या नोंदी नव्या नोंदींशी जोडताच येणार नाहीत.

दुसरा आक्षेप घरचा आहे: आपली मराठी नावे असताना हे लॅटिन कशाला? मराठी नावे हवीतच, पण त्यांचे काम वेगळे आहे. 'सातभाई' हा शब्द थव्याने राहणाऱ्या, एकसारख्या दिसणाऱ्या अनेक जातींना लागतो. पूर्वेकडच्या कोरड्या माळावरचा सातभाई आणि सह्याद्रीच्या दमट रानातला सातभाई या दोन जाती आहेत. नोंदवहीत नुसते 'सातभाई' लिहिले, तर त्यातली एक कमी झाली हे कधीच कळणार नाही. उलट शास्त्रीय नाव आपला प्रवासही सांगते. साइक्स यांनी माल्कमचा सातभाई ज्या प्रजातीत घातला होता, तिथून तो पुढे हलवला गेला; म्हणून त्याच्या नावापुढे 'साइक्स, १८३२' कंसात लिहितात. राखी वटवट्या, 'प्रिनिया सोशिआलिस', मूळ प्रजातीतच राहिला. त्याच्यापुढे कंस नाही. एवढ्याशा कंसातून दोनशे वर्षांचा फेरविचार कळतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्या गव्हर्नरांनी हा मुलूख ताब्यात ठेवला, त्यांची नावे इथल्या पाखरांनी का वाहावीत? अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्यक्तींवरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचे जाहीर केले. पण तो निर्णय बोलीतल्या नावांपुरता होता. शास्त्रीय नावांना त्याने हात लावला नाही आणि ते योग्यच झाले. माल्कमचे नाव सातभाईवरून काढल्याने कंपनीचा अंमल इतिहासातून निघून जात नाही. फक्त तो कसा चालत होता, याचा एक पुरावा कमी होतो. मात्र या आक्षेपात एक सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. यादीत आपले देव आहेत, आपला प्रदेश आहे, पण या रानात राहणारी माणसे नाहीत. पाखरे कुठे बसतात, कधी ओरडतात हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांचा या नावांत मागमूस नाही.

ही उणीव भरून काढण्याची वाट संहितेतच आहे, कारण नवे नाव देणाऱ्याला ती मोकळीक देते. पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका नव्या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी पक्षी मारला नाही आणि नाव ठेवले 'लिओसिक्ला बुगुनोरम', म्हणजे तिथल्या बुगुन जमातीचा. आपल्या भागात रोज नवा पक्षी सापडणार नाही, हे उघड आहे. पण गावोगावची नावे सापडतील. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'ने मराठीत तो रस्ता घालून दिला आहे. शास्त्रीय नावाच्या पाठीशी संहिता आहे, ग्रंथालये आहेत. ते दोनशे वर्षे टिकले आणि पुढेही टिकेल. आंबेगावच्या वाडीवरच्या म्हातारीला ठाऊक असलेल्या नावामागे असे काहीच नाही, ते तिच्याबरोबर जाईल. तेव्हा गोविंदा आणि माल्कम यांना आहे तिथे राहू द्यावे आणि शक्ती खर्च करायची ती ही नावे गाव, तारीख आणि सांगणाऱ्याच्या श्रेयासह लिहून घेण्यावर करावी.