स्वार की सारथी?

अमेरिकेच्या पूर्व भागात, अ‍ॅपलाचियन पर्वताच्या कुशीत, वेस्ट व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. एकेकाळी या राज्याचे नाव निघाले की कोळशाच्या खाणी डोळ्यांपुढे येत. पुढे खाणींचा जोर ओसरला. डोंगरांतून पडलेल्या कच्च्या वाटा मात्र उरल्या. सन २००० पासून या मुलखातील रानवाटांचा एक मोठा समूह वाहनविहारासाठी खुला झाला. हॅटफील्ड आणि मॅकॉय या दोन घराण्यांचे नाव त्याला मिळाले आहे. एकोणिसाव्या शतकात ही घराणी एकमेकांच्या जिवावर उठली होती, आणि आज त्यांच्या नावाने लोक सहलीला येतात, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा. या वाटांची एकूण लांबी आता हजार मैलांच्या पुढे गेली आहे.

चिखल, धोंडे, झाडांची उघडी मुळे आणि एका अंगाला कललेले उतार असलेल्या अशा वाटेवर साध्या मोटारीचा निभाव लागत नाही. तेथे मुख्यतः दोन प्रकारची चारचाकी वाहने दिसतात. एकावर घोड्यावर बसावे तशी मांड टाकून बसावयाचे असते. त्याला सायकलीसारखे हँडल असते आणि उजव्या अंगठ्याने खटका दाबला की वेग वाढतो. यालाच एटीव्ही म्हणतात. दुसऱ्यात दोघे जण खांद्याला खांदा लावून बसतात. समोर मोटारीसारखे स्टिअरिंगचे चाक, पायाशी पेडल, कमरेला व छातीला पट्टा आणि डोक्यावर पोलादी नळ्यांचा पिंजरा. याचे नाव साइड-बाय-साइड. पहिल्यावर माणूस स्वार असतो, दुसऱ्यात सारथी. दोहोंची चाके फुगीर आणि मऊ असतात. मोटारीच्या टायरात दर चौरस इंचास तीस पौंडांच्या आसपास हवेचा दाब असतो, तर एटीव्हीच्या टायरात तो पाच-सात पौंड इतकाच पुरतो. असा टायर धोंड्यावर आपटून उसळत नाही, त्याला बिलगतो.

खरेदीला निघालेला मनुष्य बहुधा इंजिनाची शक्ती, रंग आणि किंमत यांची तुलना करीत बसतो. वस्तुतः पहिला प्रश्न निराळाच आहे: या वाहनावर बसणाऱ्याच्या शरीराने काय करावे अशी अपेक्षा आहे?

एटीव्ही साधारण चार फूट रुंद असते आणि स्वार इंजिनाच्याही वर बसलेला असतो. वाहनाचे वजन तीनशे किलोच्या घरात धरले आणि स्वार पंचाहत्तर किलोचा धरला, तर वाहनाच्या पावपट वजन सर्वांत उंच जागी आणि तेही हलते असते. वाट डावीकडे कलली की एकूण भाराचा गुरुत्वमध्य डाव्या चाकांकडे सरकतो. तो त्या चाकांच्या पलीकडे गेला की वाहन कलंडलेच. ते टाळण्यासाठी स्वाराने उजवीकडे, म्हणजे चढाच्या अंगाला, शरीर झुकवावयाचे असते. चढण आली की पुढे वाकावे, उतारावर मागे सरकावे, वळणावर आतल्या बाजूस कलावे. यंत्राचा तोल राखणारा एक अवयव त्याच्या कारखान्यात घडलेलाच नाही. तो स्वाराने बरोबर आणावयाचा आहे.

या वाहनाचा पूर्वज तीन चाकांचा होता. १९७० साली होंडा कंपनीने तो अमेरिकेच्या बाजारात आणला. त्याची मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जोडलेली असत. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर तोडावयाचे असते, पण आस एकसंध असल्यामुळे दोन्ही चाके सारखीच फिरत आणि वाहन सरळ जाऊ पाही. त्याला वळवावयाचे तर शरीर आत झुकवून भार बाहेरच्या पावलावर द्यावा लागे. सायकलीवर वाढलेल्या मुलाला हे कसे सुचणार? तोल जातो असे वाटताच तो सवयीने पाय जमिनीला टेकवी, आणि मागचे चाक त्याच पायावर येई. (आपली रिक्षाही तीनचाकीच, असे कोणी म्हणेल. पण तिच्या मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल असते, आणि तरीही जोरात वळवली तर ती कलंडतेच.) अपघातांत दगावणाऱ्यांत मुलांची संख्या मोठी होती. अखेर १९८८ साली अमेरिकी सरकार आणि उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसांची एटीव्ही देऊ नये, हा दंडकही त्याच काळातला. चौथ्या चाकाने तो धोका उणावला, नाहीसा केला नाही. स्वाराने हलले पाहिजे ही अट आजही कायम आहे.

साइड-बाय-साइडची अट नेमकी उलट आहे. तेथे माणूस खाली, चाकांच्या मध्ये बसतो; त्याच्या झुकण्याने तोलात फारसा फरक पडत नाही. वाहन कलंडले तर पिंजऱ्याने भार झेलावा आणि पट्ट्याने माणसाला पिंजऱ्याच्या आत ठेवावे, अशी ती योजना आहे. पट्टा बांधला नाही तर पिंजराच वैरी ठरतो, कारण बाहेर फेकल्या गेलेल्या माणसावर तोच येऊन आदळतो. पट्टा बांधूनही एक उपजत हालचाल घात करते. वाहन कलू लागले की हात किंवा पाय आपोआप बाहेर जातो, जणू पाचशे-सातशे किलोंचे धूड एका तळव्यावर पेलणार आहे! एटीव्हीवर अंगी बाणलेली चपळाई येथे घातक ठरते. म्हणून बाजूला जाळी किंवा दार असावे, आणि असेल तर ते लावलेले असावे. वर्षानुवर्षे एटीव्ही चालविलेल्या माणसाने हे वाहन नव्याने शिकावयास हवे. अनुभवी म्हणविणाऱ्यास हे पटणे मात्र कठीण.

मग सारथी होणेच शहाणपणाचे नव्हे काय? प्रत्येक वेळी नव्हे. अमेरिकेच्या वनखात्याच्या अनेक वाटा पन्नास इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठीच राखलेल्या आहेत. साठ-पासष्ट इंच रुंदीचे साइड-बाय-साइड तेथे नेण्यास परवानगी नसते, आणि दाट झाडीत ते शिरतही नाही. बरोबर पन्नास इंचांत बसणारे साइड-बाय-साइडही मिळते. परंतु ज्या रुंदीमुळे त्याला स्थैर्य यावयाचे तीच येथे कापलेली असते, हे विक्रेता आपण होऊन सांगेलच असे नाही. एकट्याने, अरुंद वाटेने, रान जवळून पाहत जाणाऱ्या धडधाकट माणसाला एटीव्हीच योग्य होय.

दोघे असतील तर मात्र विचार करण्याचे कारणच उरत नाही. एटीव्हीची बैठक लांब असते, ती स्वाराला पुढेमागे सरकता यावे म्हणून. स्कूटरवर डबलसीट जाण्याची सवय असलेल्या आपल्या माणसाला ती लांबी दुसऱ्यासाठी आहे असे वाटते. भारतात समुद्रकिनारी किंवा थंड हवेच्या ठिकाणी अशी वाहने भाड्याने मिळू लागली आहेत, तेथेही हीच चूक होऊ शकते. मागे कोणी बसले की स्वाराची मागे सरकण्याची जागा जाते. आणि चढणीवर तो जादा भार मागच्या आसाच्याही पलीकडे गेल्याने पुढची चाके उचलली जाऊन वाहन मागे उलटते. दोघांसाठी मुद्दाम लांब बांधलेली एटीव्ही निराळी असते. ती नसेल तर एका बैठकीवर एकच माणूस.

निवड पक्की करण्यापूर्वी दुकानातच दोन परीक्षा घेता येतात. एटीव्हीवर बसून हँडल एका बाजूस पूर्ण वळवावे. बाहेरचा हात ताणूनही मुठीपर्यंत नीट पोहोचत नसेल तर ते वाहन त्या स्वाराला मोठे आहे. साइड-बाय-साइडमध्ये, बरोबर येणार असलेल्या मुलाला शेजारच्या आसनावर बसवावे. पाठ आसनाला पूर्ण टेकलेली असताना त्याची पावले तळावर सपाट टेकली पाहिजेत आणि हात समोरच्या दांडीला पोहोचले पाहिजेत. पावले लोंबकळत असतील, तर त्या मुलाची सहल आणखी एक-दोन वर्षे पुढे ढकलावी.