चित्रसंपादकातील साधनफलक : मांडणी व जोडणी

संगणकावर छायाचित्रे सुधारण्यासाठी व आकृत्या काढण्यासाठी ज्या आज्ञावली वापरतात, त्यांपैकी ‘गिम्प’ ही विनामूल्य असल्यामुळे शाळांस विशेष सोयीची आहे. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये तिचा आरंभ केला. ही आज्ञावली वर्गात शिकविताना पहिली अडचण येते ती चित्रकलेची नव्हे, तर पडद्यावरील फलकांची होय. काल उजवीकडे असलेला फलक आज दिसत नाही. यंत्र बिघडले अशी समजूत होते. आणि ज्या मुलाच्या हातून हे घडले, त्यास पुन्हा माउसला हात लावू दिला जात नाही. वस्तुतः बिघडलेले काहीच नसते.

फलकांची मांडणी हा चित्राचा भाग नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. चित्र आपल्या स्वतंत्र फाइलीत असते. मांडणीची नोंद ‘सेशनआरसी’ नावाच्या निराळ्या फाइलीत होते. यास्तव फलक हलला, सुटला किंवा बंद झाला, तरी चित्रास कोणतीही इजा पोहोचत नाही.

पूर्वी या आज्ञावलीचे फलक सुट्या खिडक्यांत विखुरलेले असत. 2012 च्या 2.8 आवृत्तीत सर्व काही एकाच खिडकीत ठेवण्याची सोय झाली व 2018 च्या 2.10 आवृत्तीपासून तीच मूळ पद्धत ठरली. या पद्धतीत मध्यभागी चित्र, डावीकडे साधनपेटी व निवडलेल्या साधनाचे पर्याय, आणि उजवीकडे ब्रश, थर इत्यादी फलक असतात. प्रत्येक फलकास एक टॅब असतो. तो माउसने धरून ओढला असता, जेथे फलक बसू शकेल ती जागा उजळते. दुसऱ्या टॅबांच्या ओळीत सोडल्यास तो त्यांच्या शेजारी बसतो. फलकाच्या वरच्या वा खालच्या कडेवर सोडल्यास तेथे स्वतंत्र कप्पा होतो. फलक काठाशी असा जोडणे, यालाच ‘डॉक करणे’ म्हणतात.

कोणते फलक उघडे ठेवावेत, हे हातातील कामावरून ठरवावे. समजा, चौथीच्या वर्गास जास्वंदीच्या पानाच्या छायाचित्रावर देठ, पाते व शिरा ही नावे लिहावयाची आहेत. येथे अक्षरांचा आकार ठरविण्यासाठी साधनाचे पर्याय लागतात. प्रत्येक नाव आपल्या वेगळ्या थरावर उमटते, म्हणून थरांचा फलकही लागतो. ब्रश व नक्षी यांचे फलक मात्र तूर्त बंद करावेत. 1366 बिंदू रुंदीच्या पडद्यावर दोन्ही बाजूंस 250 बिंदूंचे फलक ठेवले, तर चित्रास 866 बिंदूच उरतात. अनावश्यक फलक चित्राचीच जागा खातो.

फलक दिसेनासा होण्याची कारणे सामान्यतः तीन असतात. सर्वच फलक एकदम गेले असतील, तर टॅब ही कळ चुकून दाबली गेलेली असते. ती पुन्हा दाबताच ते परततात. एकच फलक सुटून तरंगत असेल, तर त्याचा टॅब धरून काठाशी आणावा. खिडकीची शीर्षकपट्टी धरून ओढल्यास तो जोडला जात नाही. फलक बंद झाला असेल, तर ‘विंडोज’ यादीतील ‘डॉकेबल डायलॉग्ज’ मधून तो पुन्हा उघडावा. एवढ्यानेही न जमल्यास ‘प्रेफरन्सेस’ मधील ‘विंडो मॅनेजमेंट’ या विभागात मूळ मांडणीवर परतण्याचे बटण आहे. त्याचा परिणाम आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दिसतो.

जेथे एकाच संगणकावर अनेक वर्ग आळीपाळीने बसतात, तेथे आधीच्या वर्गाने केलेली मांडणी पुढच्या वर्गाच्या वाट्यास येते. यावर उपाय सोपा आहे. सर्व शिक्षकांनी मिळून एक मांडणी ठरवावी, वरील विभागातच ती लगेच जतन करण्याचे बटण दाबावे, आणि बाहेर पडताना मांडणी जतन करण्याच्या पर्यायावरील खूण काढून टाकावी. मग दिवसभरात फलक कितीही हलले, तरी पुढच्या वेळी ठरलेलीच मांडणी समोर येते.

एवढी व्यवस्था झाल्यावर मुलांस धाक घालण्याचे कारण उरत नाही. किंबहुना पहिल्या तासास प्रत्येक मुलाकडून एक फलक मुद्दाम सोडवून घ्यावा व त्याच्याच हातांनी तो परत जोडून घ्यावा. विस्कटलेले पूर्ववत करता येते हे ज्यास एकदा समजले, तो मुलगा पुढे चित्र काढताना बिचकत नाही.