वारा ओमानचा, लाट मुरुडची

एप्रिलच्या सकाळी दापोलीजवळ मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर सुरूची काडीही हलत नाही, तरी दर बारा-पंधरा सेकंदांनी एक लाट येऊन फुटतेच. वारा नाही, तर हिला उठवलं कोणी? वाऱ्यानेच. फक्त तो वारा दापोलीचा नव्हता.

लाट जन्मताना पाहायची असेल तर दुपारी हर्णैला जावं. जमीन तापते, खारा वारा सुटतो आणि सुवर्णदुर्गाच्या आडोशाच्या गुळगुळीत पाण्यावर मधेच एखादा काळसर पट्टा सरकताना दिसतो. नीट पाहिलं तर त्या पट्ट्यात बोटभर अंतराच्या बारीक सुरकुत्या असतात. वारा एकसारखा वाहत नाही. त्यात भोवरे असतात आणि ते पाण्याला कुठे जास्त दाबतात, कुठे कमी. सुरकुती पडली की वाऱ्याला धरायला जागा मिळते. लाटेच्या पाठीवर हवेचा दाब वाढतो, पुढच्या उतारावर तो घटतो, म्हणजे लाट ढकललीही जाते आणि ओढलीही जाते. ती जितकी उंच, तितकी वाऱ्याची पकड घट्ट. लाटेच्या सुरुवातीचा हिशेब ओवेन फिलिप्स या शास्त्रज्ञाने आणि वाढीचा जॉन माइल्स यांनी १९५७ साली स्वतंत्रपणे मांडला.

लाट किती मोठी होणार हे वाऱ्याच्या वेगावर ठरतं, तसंच तो किती वेळ आणि किती लांबवर एकाच दिशेने वाहिला यावरही. दुपारचा खारा वारा काही तासांचा पाहुणा, म्हणून त्याच्या लाटा आखूड, घाईघाईच्या. पावसाळ्यात मात्र सोमालियाच्या किनाऱ्यापासून कोकणापर्यंत, सुमारे अडीच हजार किलोमीटर, नैर्ऋत्येचा वारा आठवडेच्या आठवडे पाण्यावर राबतो. मग दर्या खवळतो. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी माशांच्या विणीसाठी आहे खरी, पण बंदी नसती तरी त्या दिवसांत होडी लोटायची हिंमत फार थोड्यांनी केली असती.

एकदा उठलेली लाट वारा थांबला म्हणून थांबत नाही. तिच्याबरोबर पाणी मात्र प्रवास करत नाही. लाटा फुटतात त्या पट्ट्याबाहेर तरंगणारा नारळ वर-खाली, पुढे-मागे होत जवळजवळ तिथेच राहतो. पुढे जाते ती ऊर्जा, आणि खोल समुद्रात ती फारच कमी खर्च होते. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली न्यूझीलंड ते अलास्का अशी निरीक्षणकेंद्रं मांडून दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटा अख्ख्या पॅसिफिकपार जाताना मोजल्या होत्या.

आपल्याकडेही हेच घडतं. नोव्हेंबर ते मार्च या काळात अरबस्तानात वायव्येचा ‘शमाल’ वारा जोर धरतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी रत्नागिरी, गोवा आणि द्वारका इथल्या लाटांच्या नोंदींत त्याची खूण शोधली आणि २०११ साली ती प्रसिद्ध केली: शमाल आला की इथल्या लाटांची उंची वाढते आणि त्या वायव्येकडून येऊ लागतात. त्या दिशेचा ओमानचा किनारा दापोलीपासून सुमारे दीड हजार किलोमीटर. एप्रिलमधल्या त्या संथ लाटेचं माहेर तर आणखी दूर, अंटार्क्टिकाभोवतीच्या वादळी समुद्रात असू शकतं. सोळा-सोळा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा समूह ताशी सुमारे पंचेचाळीस किलोमीटरने सरकतो. इथे पोचायला त्याला आठवडा लागतो.

त्यामुळे किनाऱ्यावर बसल्या बसल्या लाटेचं गाव ओळखता येतं. लागोपाठच्या दोन लाटांमधले सेकंद मोजा. तीन-चार भरले तर ती इथल्याच वाऱ्याची, बारा-पंधरा भरले तर दूरची पाहुणी. दुपारी बहुधा दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि मोजणी चुकते.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था समुद्राचा अंदाज देते, त्यात लाटांच्या उंचीबरोबर दोन लाटांमधला हा अवधीही असतो. आपण फक्त उंची वाचतो, हे मला चुकीचं वाटतं. एक मीटर उंचीची सोळा सेकंदांची लाट तेवढ्याच उंचीच्या आठ सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट ऊर्जा किनाऱ्याकडे आणते, आणि उथळ पाण्यात शिरताना जास्त उंचावते. खोल पाण्यात तिच्यावरून होडी गेली तरी तांडेलाला ती जेमतेम जाणवेल. मुरुडला गुडघाभर पाण्यात उभ्या पर्यटकाला मात्र ती पाडू शकते.