झिका आणि गर्भारपण: १ टक्का की १५ टक्के?

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झिका झाला, तर बाळाला धोका किती? हा प्रश्न घेऊन पेपर वाचायला बसलात तर एकात साधारण १ टक्का सापडेल, दुसऱ्यात १५. कुणीतरी चुकलंय असंच पहिल्यांदा वाटतं. पण दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते टक्के वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

१ टक्का आला फ्रेंच पॉलिनेशियातून. तिथे २०१३-१४ मध्ये साथ येऊन गेली. नंतर ब्राझीलमध्ये लहान डोक्याची (मायक्रोसेफली) बाळं दिसू लागली, तेव्हा संशोधकांनी तिथल्या जुन्या नोंदी उकरल्या. सापडली फक्त ८ प्रकरणं. पण संसर्ग झालेल्या गरोदर बायका किती, हे कुणी मोजलंच नव्हतं. मोजणार तरी कसं? पाचातल्या साधारण चौघांना झिकाची लक्षणंच दिसत नाहीत! मग रक्तातल्या अँटीबॉडींच्या सर्वेक्षणावरून सुमारे ६६ टक्के लोकांना संसर्ग झाला असं धरलं आणि मॉडेल मांडलं. उत्तर आलं १०,००० मागे ९५. एरवी हे प्रमाण तिथे २ च्या आसपास. म्हणजे इथे भाजकात ज्यांना झिका झाल्याचं कधी कळलंच नाही, त्या बायकाही आहेत.

१५ टक्के अमेरिकेच्या २०१६ च्या नोंदवहीतले. इथे भाजक म्हणजे पहिल्या तिमाहीतला संसर्ग लॅबमध्ये पक्का झालेल्या ६० गर्भारपणांचा. त्यातल्या ९ मध्ये दोष सापडले. शिवाय अंशात फक्त मायक्रोसेफली नाही, मेंदूचे आणि डोळ्यांचे इतर दोषही धरलेत. आणि ६० हा आकडा किती छोटा! एक बाळ इकडचं तिकडे झालं तरी टक्का दीडपेक्षा जास्त हलतो.

अंशाचीही गंमत बघा. ब्राझीलने आधी पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३३ सेंमी किंवा कमी असेल तर संशयित धरलं. त्यात कितीतरी ठणठणीत बाळं अडकत होती, म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा ३२ केली. उलट, जन्मताना घेर नॉर्मल असलेल्या काही बाळांची डोक्याची वाढ नंतर मंदावली. ती जन्माच्या दिवशीच्या मोजणीत येतच नाहीत.

झिकामुळे हे दोष होतात का, यावर आता वाद उरलेला नाही. अमेरिकेच्या सीडीसीने एप्रिल २०१६ मध्येच तो निष्कर्ष मांडला. खरी अडचण ‘किती’ची आहे, आणि ती आपल्या दारातही आलीये. पुण्यात २०२४ मध्ये बऱ्याच गरोदर बायका पॉझिटिव्ह आल्या. रक्तात विषाणूचा आरएनए सापडतो तो साधारण आठवडाभर, लघवीत थोडा जास्त. त्यानंतर अँटीबॉडी टेस्ट करावी तर ती डेंग्यूच्या अँटीबॉडींशी गल्लत करते, आणि डेंग्यू तर आपल्याकडे दर पावसाळ्यात ठरलेला. अशा शहरात तुम्ही कोहोर्ट उभा केलात, तर ‘संसर्ग झालेली’ या रकान्यात नेमकं कुणाचं नाव लिहाल?