माळ्यावरचा निळा हत्ती

घटस्थापनेच्या आधी घर झाडायला काढलं की आमच्याकडे सर्वांत शेवटी माळ्याची पाळी येते. यंदा माळ्यावरून तीन फुगलेल्या पिशव्या खाली आल्या आणि त्यांतून २७ सॉफ्ट टॉइज निघाली. अस्वलं, ससे, एक पेंग्विन, एक वाघ. बहुतेक सगळी वाढदिवसांना आलेली, आणि त्यांतली निम्मी कुणी दिली हे घरात कुणालाच आठवेना. तळाशी निळा हत्ती होता. एक कान चोखून चोखून झिजलेला, सोंडेवर माझ्या आईनं घातलेले पांढरे टाके. माझी मुलगी आता १९ वर्षांची आहे, शिकायला बाहेरगावी असते. व्हिडिओ कॉलवर तिनं सगळा ढीग पाहिला आणि म्हणाली, "बाकीचे देऊन टाक. हत्तीचं नंतर बघू."

देऊन टाकायचे, पण कुणाला? पुढचा महिना मी याच प्रश्नामागे होते.

आधी बोहारीण मावशींना विचारलं. त्यांनी एक ससा उलटा केला, अंगठ्यानं शिवण दाबून पाहिली आणि पिशवीत परत ठेवला. "सुती साडी असंल तर काढा ताई. ह्याच्यावर काय भांडं देऊ?" भंगारवाल्याकडे लोखंडाला, पुठ्ठ्याला, प्लॅस्टिकला किलोचा भाव असतो. भरलेल्या खेळण्याला नसतो. त्याची फर एका जातीची, आतलं भरण दुसऱ्या जातीचं, डोळे तिसऱ्याच प्लॅस्टिकचे, आणि हे सुटं करायची मजुरी मालाच्या किमतीहून जास्त. मग शहरातल्या एका बालगृहाला फोन केला. तिथल्या अधीक्षिका अतिशय आदरानं बोलल्या, पण त्यांचा नकार ठाम होता. "कॅरम द्या, दोरीच्या उड्या द्या, चित्रकलेच्या वह्या द्या. टेडी मात्र नको, ताई. आमच्याकडे खरूज एका मुलाला झाली की आठवड्यात सगळ्या खोलीत पसरते. चाळीस मुलांमध्ये फिरणारं अस्वल मी रोज कसं धुऊ?"

त्या क्षणी मन खट्टू झालं हे खरं. पण वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहांत ठेवलेली खेळणी तपासली गेली होती, आणि तो अभ्यास २००२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस'मध्ये आला. टणक खेळण्यांपैकी फक्त १३.५ टक्क्यांवर आतड्यांतले कोलिफॉर्म जंतू सापडले, आणि तेही थोडे. मऊ खेळण्यांपैकी ९० टक्क्यांवर मध्यम ते भरपूर प्रमाणात जंतू होते. मऊ खेळणी निर्जंतुक करणं कठीण आणि केली तरी ती लवकर पुन्हा दूषित होतात, असं त्या संशोधकांनी नोंदवलं. एका घरातल्या एका मुलाच्या उशाशी असलेल्या सशाला हा हिशेब तितकासा लागू होत नाही. जिथं अनेक हात, अनेक लाळा, अनेक सर्दी-खोकले एकत्र येतात तिथं तो लागू होतो. म्हणजे आपण ज्यांना 'दान' करायला निघतो, नेमकं त्याच जागी.

ही भीती नवीन नाही. मार्जरी विल्यम्स यांचं 'द व्हेल्वेटीन रॅबिट' हे इंग्रजी बालसाहित्यातलं लाडकं पुस्तक १९२२ सालचं. त्यात मुलाला लाल ज्वर येऊन जातो आणि डॉक्टर त्याचा मखमली ससा जाळून टाकायला सांगतात. तेव्हाची खेळणी लाकडाच्या बारीक तासांनी किंवा कापसाळ भरणानं भरलेली असत. पाण्यात घातली तर ती आतून कुजत. डोळे तारेवर बसवलेल्या काचेच्या मण्यांचे. खेळणं धुऊन पुढच्या मुलाला देता येईल, ही सोयच नव्हती. ती आणण्यात वेल्समधल्या वेंडी बॉस्टन या बाईंचा वाटा फार मोठा. १९४८ साली त्यांनी आतून स्क्रूनं घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डोळ्याचं पेटंट घेतलं आणि १९५४ साली अख्खं अस्वल यंत्रात धुता येईल असं बनवलं. टेडीचा इतिहास सांगताना सगळे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि १९०२ सालची मिसिसिपीतली शिकार सांगतात. माझ्या मते वेंडीबाईंचं नाव त्याच्या बरोबरीनं घ्यायला हवं. वापरलेलं खेळणं दुसऱ्या मुलाच्या हाती निर्धास्तपणे देता येतं ते त्यांच्यासारख्यांमुळे.

आणि हत्तीचंही सांगायला हवं. मार्गारेटे श्टाइफ ही जर्मनीतल्या गिंगेन गावची शिवणकाम करणारी बाई, १८४७ सालचा जन्म. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. १८८० साली तिनं नमद्याचा एक छोटा हत्ती शिवला, टाचण्या खोचायची गादी म्हणून. मुलांनी तो खेळायला पळवला, आणि त्यातून आज जगभर माहीत असलेली खेळण्यांची कंपनी उभी राहिली. हे वाचलं तेव्हा आमचा निळा हत्ती मी माळ्यावरून आणून टेबलावर ठेवला होता.

विकायचं म्हटलं तर? या बाजाराबद्दल फार गैरसमज आहेत. श्टाइफ कंपनीचं १९०४ सालचं 'टेडी गर्ल' नावाचं अस्वल १९९४ साली लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात १ लाख १० हजार पौंडांना गेलं आणि जपानमधल्या संग्रहालयात दाखल झालं. अशी बातमी वाचली की प्रत्येकाला आपापला माळा आठवतो. पण ते अस्वल ब्रिटिश कर्नल बॉब हेन्डरसन यांचं लहानपणापासूनचं होतं, त्याची सगळी कहाणी नोंदलेली होती, आणि त्याच्या जुनेपणाला तोड नव्हती. हेच हेन्डरसन 'गुड बेअर्स ऑफ द वर्ल्ड' या संस्थेच्या ब्रिटनमधल्या कामाशी जोडलेले होते. संकटात सापडलेल्या आणि इस्पितळातल्या मुलांना अस्वलं देणारी ही संस्था अमेरिकेत १९६९ साली सुरू झाली.

उलट टोकाचं उदाहरण 'बीनी बेबीज'चं. प्लॅस्टिकचे दाणे भरलेली ही छोटी खेळणी अमेरिकेत १९९३ साली आली. कंपनी मुद्दाम एकेक नमुना बंद करी, टंचाई वाढे आणि लोक गुंतवणूक म्हणून ती विकत घेत. १९९९ साली लास वेगासच्या कोर्टात घटस्फोट घेणारं एक जोडपं न्यायाधीशांसमोर जमिनीवर उकिडवं बसून आपल्या बीनी बेबीज वाटून घेत होतं. त्याचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. थोड्याच काळात भाव कोसळले आणि लाखो घरांत लेबल न काढलेली खेळणी डब्यांत पडून राहिली. कुठल्याही मुलानं ती कधी कवटाळलीच नव्हती.

आपल्याकडे असा संग्राहकांचा बाजार नाही. जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वच्छ, लेबल शाबूत असलेलं, मोठं खेळणं जातं. बाकीची पडून राहतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही मी चक्कर मारली. पितळी अडकित्त्याला गिऱ्हाईक होतं. अस्वलांकडे लोक बघत होते आणि पुढे जात होते. आणखी एक गोष्ट विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्याआधीच्या खेळण्यांवर ते नसतं, त्यामुळे त्यांची परीक्षा घेणाऱ्याला स्वतःच्या बोटांनी करावी लागते. ब्रिटनमधली धर्मादाय दुकानं तर सुरक्षिततेचं लेबल नसलेलं जुनं खेळणं विकायलाच ठेवत नाहीत.

इथवर वाचून झालं तरी मुलीचं वाक्य मनातून जाईना: बाकीचे दे, हत्तीचं नंतर. २६ आणि १ यांत नेमका फरक काय? ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला यावरच लिहिलं. आईपासून सुटं होऊ लागलेलं मूल एखादी चिंधी, पांघरूण किंवा मऊ खेळणं निवडतं. ती वस्तू त्याच्यासाठी पूर्ण बाहेरची नसते आणि पूर्ण आतलीही नसते. त्यांचं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. आई ती वस्तू मळकट होऊ देते, तिला वास येऊ देते, कारण धुतली तर मुलाच्या अनुभवातला सलग धागा तुटेल हे तिला कळत असतं. आणि मोठेपणी? ती वस्तू विसरली जात नाही, तिच्यासाठी कुणी रडतही नाही. तिचा अर्थ हळूहळू विरून ती अधांतरी राहते. मला वाचताना वाटलं, ही तर आपल्या माळ्याचीच व्याख्या झाली.

ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांना एक 'नक्कल करणारं यंत्र' दाखवलं, ज्यातून कुठल्याही वस्तूची हुबेहूब जोडी निघते असं भासवलं होतं. इतर खेळण्यांच्या बाबतीत मुलं नवी प्रत घ्यायला तयार होती. झोपताना जवळ लागणारं खेळणं मात्र बहुतेकांना मूळचंच हवं होतं, आणि काहींनी तर ते यंत्रात घालूच दिलं नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा मला माझं उत्तर सापडलं. वापरलेलं खेळणं दुसऱ्याला द्यायचं तर धुवावंच लागतं. आणि धुतलं की ते त्या पहिल्या मुलाचं राहत नाही, त्याचा वास जातो. धुणं हाच निरोप असतो. म्हणून मुलाला न विचारता, ते शाळेत गेलं असताना खेळणं धुऊन कुणाला तरी देणं मला योग्य वाटत नाही. मूल चार वर्षांचं असो की चौदा. बादलीजवळ त्यानं उभं राहायला हवं.

जपानमध्ये या निरोपाला रीतसर विधी आहे, 'निंग्यो कुयो' म्हणजे बाहुल्यांची पूजा-प्रार्थना. टोकियोच्या उएनो बागेतल्या कियोमिझु कान्नोन-दो मंदिरात दरवर्षी २५ सप्टेंबरला तो होतो. ज्यांना मूल झालं ते आईबाप मुलाच्या आरोग्यासाठी त्याच्या जागी बाहुली वाहतात. मंत्र म्हणून त्या बाहुल्या अग्नीला दिल्या जातात. मेइजी मंदिरातही ऑक्टोबरात लोक बाहुल्यांबरोबर कापूस भरलेली अस्वलं-ससे घेऊन येतात, रांगेत मांडतात, आभार मानतात. आपल्यालाही हे परकं वाटू नये. भंगलेला टाक, काच फुटलेली देवाची तसबीर आपण केराच्या डब्यात टाकत नाही, पिंपळाच्या पारावर ठेवून येतो. चिंध्यांच्या बाहुलीला तर आपल्याकडे वेगळ्या निरोपाची गरजच पडत नसे. ती जुन्या लुगड्याची, झिजली की गोधडीच्या पोटात जाई, शेवटी मातीत. पॉलिस्टरचं अस्वल मातीत जात नाही. तो प्रश्न फक्त आपल्या पिढीचा आहे.

दानाचा पूर आला की काय होतं, याचं सर्वांत वेदनादायी उदाहरण अमेरिकेतल्या न्यूटाऊनचं. १४ डिसेंबर २०१२ रोजी तिथल्या सँडी हूक शाळेत गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. साऱ्या जगाचं काळीज हललं आणि लोकांनी टेडी पाठवले. सुमारे २७ हजार वस्तीच्या गावात ६० हजारांहून जास्त अस्वलं येऊन पडली. शोकात असलेल्या गावाला गोदाम शोधावं लागलं, स्वयंसेवक बसवावे लागले, आणि शेवटी ती खेळणी दुसरीकडे पाठवायची सोय करावी लागली. पाठवणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण प्रत्येकानं आपल्याला काय द्यावंसं वाटतं तेवढंच पाहिलं, तिथं काय हवंय हे विचारलं नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे न उचललेले ढीग पडले, तेव्हाही हेच झालं होतं.

हत्ती सोडून आमच्या २६ खेळण्यांचं पुढे असं झालं. प्रत्येकाचे डोळे, नाक, बटणं जोर लावून ओढून पाहिली. नऊ जणांचे डोळे हलत होते. ते काढून तिथं दोऱ्यानं भरतकामाचे डोळे केले, कारण तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात सुटा डोळा अडकू शकतो. पाचांच्या आत फोमचा भुगा झाला होता. ती देण्यालायक नव्हती. बाकीची उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून, गरम पाण्यात धुतली. धुळीतले सूक्ष्म किडे साठ अंशांच्या पाण्यात मरतात. जे खेळणं इतकं गरम पाणी सोसत नाही ते पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग साध्या पाण्यात धुवावं. खरी कसोटी वाळवण्याची असते. वरून फर कोरडी लागते आणि पोटात ओल राहते, मग आठवड्यात बुरशीचा वास येतो. ऑक्टोबरच्या कडक उन्हात मी ती पूर्ण चार दिवस उलटसुलट केली. पावसाळ्यात हा उद्योग करू नये.

वाळल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर प्रत्येकाचा फोटो टाकला, वय लिहिलं, कुठं टाका घातलाय ते लिहिलं. चौदा खेळणी ओळखीच्या घरांत गेली, एकेका मुलाकडे. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या नातीनं वाघ स्वतः निवडला. चार खेळणी भटक्या कुत्र्यांच्या एका निवारा केंद्रानं मागून घेतली, प्लॅस्टिकचे सगळे भाग काढून. तीन अजून कपाटात आहेत. फोमच्या पाचांसाठी पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची नको असलेल्या घरगुती वस्तू गोळा करण्याची सोय आहे. ती घंटागाडीत कोंबण्यापेक्षा बरी.

हत्ती धुतलेला नाही. मुलगी दिवाळीला घरी येतेय. ती सांगेल तसं.

तुम्हीही माळा काढला असेल तर एवढं करा. फराळाच्या डब्यांबरोबर न विचारता खेळण्यांची पिशवी घेऊन कुठल्याही संस्थेच्या दारात जाऊ नका. आधी फोन करा, काय हवंय त्याची यादी मागा, आणि ती यादी कॅरमची असेल तर कॅरमच न्या.