खिडकीतली बाग : लेखांक 9 – कोरफडीला ऊन शोधताना

आमच्या गावाकडे दाराच्या चौकटीवर कोरफड उलटी टांगतात. मुळं वर, पानं खाली. ना माती, ना पाणी. तरी ती महिनोन् महिने हिरवी राहते आणि पानांची टोकं हळूहळू वळून पुन्हा वर बघायला लागतात. तीच कोरफड बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये चांगल्या कुंडीत लावून रोज मायेनं पाणी घातलं, की बुडापासून सडते. माझ्या दोन अशाच गेल्या, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चौकटीवरची जगते ती तिच्या श्वास घेण्याच्या रीतीमुळे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेनं त्यांचं पाणी उडून जातं. कोरफड ही छिद्रं दिवसा मिटून घेते. रात्रीच्या गारव्यात ती उघडते, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दुसऱ्या दिवशी उन्हाच्या बळावर त्याची साखर करते.

या रीतीच्या शोधाचा एक धागा बंगळुरूच्याच लालबाग या वनस्पती-उद्यानाशी जुळतो, याचं मला फार अप्रूप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्या बागेची देखरेख करत होता. पानफुटीचं पान सकाळी चुक्यासारखं आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट लागतं, असं त्यानं 1813 मध्ये पत्रातून कळवलं. त्यानं ते चाखून ओळखलं होतं! रात्री साठलेलं आम्ल दिवसा खर्ची पडतं, हा उलगडा पुष्कळ नंतर झाला. कोरफडीचंही तसंच चालतं.

म्हणजे पाणी ती मुळातच जपून खर्चते. त्यात घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ऊन नाही, त्यामुळे वाढ नाही, आणि वाढ नाही म्हणून पाण्याची गरजही नाही. ओल्या मातीत मुळं गुदमरतात. नर्सरीतून आणलेलं रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं. वरून कोरडं दिसलं तरी बोटाच्या दोन पेरांवर ते ओलंच लागतं. मी ते झटकून टाकते. निम्मी लाल माती, निम्म्यात जाड वाळू आणि विटेचे बारीक तुकडे, आणि इथल्या पॉटरी टाऊन भागातल्या कुंभारांकडची, तळाला भोक असलेली साधी मातीची कुंडी. पाणी घालण्याआधी कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तरच भरपूर पाणी घालायचं आणि बशीत उतरलेलं टाकून द्यायचं. पान पातळ होऊन पन्हाळीसारखं वळलं तर तिला तहान लागली आहे. बुडाशी मऊ, तपकिरी झालं तर पाणी जास्त झालं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात मी तीन-तीन आठवडे तिला हातही लावत नाही.

राहिला उजेड. बंगळुरू साधारण 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे 24 एप्रिलच्या आणि 18 ऑगस्टच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तेव्हा सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दिवसभर उत्तरेकडे असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. डिसेंबरात मात्र तीच खिडकी दुपारी उन्हानं भरून जाते. हे कळेपर्यंत मी कुंडी वर्षभर एकाच कठड्यावर ठेवत होते आणि पानं लांबट, लुळी का पडतात म्हणून खतं बदलत होते. आता ती उन्हाळ्यात पूर्वेकडे असते. जागा बदलताना पहिला आठवडा पातळ पडद्याआड ठेवते, नाहीतर एकदम कडक ऊन लागून पानं लालसर पडतात.

घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा. सालीलगतचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब होतात. गर हवा असेल तेव्हा बाहेरचं जुनं पान बुडातून कापून पंधरा मिनिटं उभं ठेवा आणि चीक निथळू द्या.

18 ऑगस्टनंतरच्या रविवारी माझी कुंडी पुन्हा दक्षिणेच्या खिडकीकडे जाईल. बुडाशी तीन पिल्लं आली आहेत, वीतभर उंच, स्वतःच्या मुळांची, पानांवर पांढरे ठिपके असलेली. तीही त्याच दिवशी वेगळी करून, जखम सुकेपर्यंत दोन दिवस सावलीत कागदावर ठेवीन.