संगणकातले पाणी आणि संपलेली वॉरंटी

आपल्या वस्तीत संगणक आला तो हौसेने नव्हे, गरजेने. उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या चाळींत आणि बदलापूरच्या नव्या इमारतींत आज कितीतरी मुले-मुली घरी बसून लग्नपत्रिका, फलक, व्हिडिओचे एडिटिंग अशी कामे करतात. त्यासाठीचे यंत्र कधी आईने बचत गटातून कर्ज काढून घेतलेले असते, तर कधी वडिलांच्या फंडातून. असे यंत्र आतून गळू लागले की केवळ एक वस्तू बिघडत नाही. घरातला एक रोजगार बुडतो. दुकानदार मात्र दोन शब्दांत मोकळा होतो, "वॉरंटी संपली." हे दोन शब्द ऐकून माघारी फिरणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे.

यंत्रात पाणी कशासाठी?

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. काम वाढले की तो तापतो. साध्या यंत्रात त्यावर धातूचा कूलर आणि पंखा असतो. महागड्या यंत्रांत त्याऐवजी लिक्विड कूलर बसवतात. त्यात छोटा पंप, दोन नळ्या आणि मोटारीत असतो तसा रेडिएटर असतो. आत पाणी, ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायन यांचे मिश्रण फिरते. ते प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेते. हे तंत्र मुळात चुकीचे नाही. पुण्याच्या 'आयसर' संस्थेत २०१९ साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही पाण्याच्या साह्यानेच थंड ठेवला जातो. पण तिथे देखरेखीला माणसे असतात. आपल्या घरात यंत्र टेबलाखाली असते आणि वर्षानुवर्षे त्याचे झाकण कोणी उघडत नाही.

उष्णतेने नळ्यांच्या सांध्यांतील रबर कडक होते. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्याच्या संपर्कात आले आणि गंजरोधक क्षीण झाले, तर ॲल्युमिनियम झिजू लागते. नळी पिळली जाते, रेडिएटरला धक्का बसतो. मग थेंब सुटतो. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही हे खरे. पण धूळ आणि धातूचे क्षार मिसळलेल्या पाण्यातून ती वाहते आणि मदरबोर्ड जळतो.

ही गोष्ट नामांकित कंपन्यांनाही चुकलेली नाही. ॲपल कंपनीने २००४ साली 'पॉवर मॅक जी५' या संगणकाच्या एका वेगवान नमुन्यात पाण्याचे शीतकरण आणले. पुढे त्यांतील अनेक यंत्रे गळली आणि द्रव तळाशी असलेल्या पॉवर सप्लायपर्यंत झिरपला. २००६ साली त्याच्या जागी 'मॅक प्रो' आला, तो हवेनेच थंड होणारा.

"दमट हवेचे दव आहे"

कॅबिनेटमध्ये ओलावा दिसला की काही मेकॅनिक सांगतात, पावसाळी हवा आहे, दव धरले असेल. यावर विश्वास ठेवू नका. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, कारण ती खोलीपेक्षा गार असते. घरगुती लिक्विड कूलरमधले पाणी मात्र चालू यंत्रात खोलीच्या तापमानापेक्षा गार होतच नाही. त्याला दव धरणार कसे? नळीच्या सांध्यापाशी थेंब, चिकट डाग, हिरवट वा पांढरी खपली, ओल्या धुळीचा थर, पंपाचा गुळगुळ आवाज, यंत्र एकाएकी तापून बंद पडणे, यांतले काहीही दिसले तर गळतीच समजा.

पहिल्या तासात काय करावे?

पहिले काम, भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढणे. "एवढे काम सेव्ह करतो, मग बंद करतो" म्हणत बसू नये. दुसरे काम, पुसण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढणे. ते पुढे पुरावा ठरतात. मग ग्राफिक्स कार्डवर पाणी उतरणार नाही अशा बेताने कॅबिनेट आडवे करावे. हार्ड डिस्क किंवा एसएसडी कोरडी असेल तर काढून बाजूला ठेवावी. यंत्र पुन्हा मिळेल, तिच्यातले काम मिळणार नाही. मदरबोर्डवरचा लहान सेलही काढावा.

ओले भाग धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने स्वच्छ करावेत. त्या वेळी जवळ गॅस वा देवा-बुद्धापुढची मेणबत्ती पेटती नसावी. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नये. पंख्याखाली निदान दोन दिवस आणि पावसाळ्यात त्याहून अधिक वाळू द्यावे. पॉवर सप्लायचा डबा घरी कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. त्यात पाणी गेले असेल तर तो बदलणेच शहाणपणाचे.

माता-भगिनींनी एक काळजी घ्यावी. काही कूलरमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेला द्रव लहान मुलांपासून दूर ठेवावा आणि पुसलेले फडके पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

कोणती वॉरंटी संपली?

आता मुख्य मुद्दा. जुळवून घेतलेल्या संगणकाला एकच वॉरंटी नसते. दुकानदार आपली म्हणून बहुधा एक वर्षाची देतो. पण प्रोसेसर, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, कूलर या प्रत्येक भागाच्या उत्पादकाची मुदत वेगळी असते. लिक्विड कूलरला कित्येक कंपन्या तीन, पाच, तर काही सहा वर्षांची वॉरंटी देतात. कूलर गळून इतर भाग खराब झाले तर त्यांचाही विचार करण्याची तयारी काही उत्पादक दाखवतात.

अंबरनाथ पूर्वेतील एका कुटुंबाचे उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. चौदा महिन्यांचे यंत्र गळले. दुकानदाराने हात वर केले. घरच्यांनी माळ्यावरून कूलरचे खोके काढले, तर त्यावर तीन वर्षांची मुदत छापलेली! बिल आणि अनुक्रमांक हाताशी होता. मुलगा दोनदा दादरला गाडी बदलून मुंबईच्या सेवा केंद्रात गेला आणि कूलर बदलून मिळाला. जळालेल्या ग्राफिक्स कार्डाचे पैसे मात्र मिळाले नाहीत. त्यासाठी लेखी मागणी करावी लागली. यश अर्धेच, पण तेही त्या खोक्यामुळे आणि बिलामुळे. आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदाची किंमत आम्हांला ठाऊक आहे.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष वस्तूमुळे ग्राहकाच्या दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले तर उत्पादकाकडे भरपाई मागण्याची तरतूद त्यात आहे. कूलर एका कंपनीचा आणि जळालेले कार्ड दुसऱ्या कंपनीचे असेल, तर या तरतुदीचा आधार घेता येतो. आधी दुकानदार आणि उत्पादक या दोघांनाही लेखी कळवावे आणि पोच ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागले नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ग्राहक जिथे राहतो वा काम करतो तिथेच तक्रार करण्याची मुभा नव्या कायद्याने दिली आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत तेवढी पाळावी.

मात्र कूलरची स्वतःची मुदतही संपली असेल आणि तो वयोमानाने गळला असेल, तर नवा मिळण्याची आशा धरू नये. आपणच नळी उघडून मोटारीचे कूलंट भरले असेल तर दावा दुबळा होतो. बंद जातीचा कूलर गळला की तो भरून घेण्याच्या भानगडीत पडूच नये.

अशा वेळी आमचा सल्ला सरळ आहे: हवेवर चालणारा चांगला कूलर बसवा. तो दोन-तीन हजारांत मिळतो आणि घरगुती कामाच्या बहुतेक प्रोसेसरना पुरतो. त्याचा पंखा बिघडला तरी मदरबोर्ड भिजत नाही. जुना कूलर भंगारवाल्याला किंवा वालधुनीच्या पात्रात नको; ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. आणि जुने यंत्र विकत घेताना आत नळ्या दिसल्या, तर मूळ बिल मागितल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

वाचक बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर दोन कामे करा. कॅबिनेटचे झाकण काढून टॉर्चच्या उजेडात नळ्यांचे सांधे पाहा. मग यंत्राची बिले आणि खोक्यांवरचे अनुक्रमांक एका फाईलमध्ये लावा. पुढच्या वेळी कोणी "वॉरंटी संपली" म्हणाले, तर शांतपणे विचारा, "कोणाची? तुमची की कंपनीची?"